आईच्या गाडीची नवी चाकं

आईने गाडीला चमकणारी चाकं लावायचं ठरवलं तेव्हा ती सत्तरीच्या पुढे गेलेली होती.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. "ऐक न, मले गाडीले ते अलॉयचे चाकं लावायचे आहे. तू येशील का दुकानात?"

मला आधी हसूच आलं. "काहून? आहे त्या चाकांले काय झालं?"

"सिलतऱ्याच्या रस्त्यावर खड्डा लागला. समोरचं एक वाकलं. अन् पंक्चरवाला म्हणते टायरले भेगा पडल्या, चारही बदला. बदलायचेच आहे तं मंग चांगले लावू."

सिलतरा म्हणजे रायपूरच्या बाहेरचा कारखान्यांचा भाग. लोखंडाने लादलेले ट्रक दिवसभर त्या रस्त्यावर एकामागून एक चालू असतात. तिथे आईने गाडी न्यावी हे मला पटेना. "तू तिकडे कायले गेली होती?"

"काम होतं," ती म्हणाली. तिचं हे 'काम होतं' मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच्यापुढे विचारून काही हाती लागत नाही. मी दुपारी येते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

मी नवा रायपूरच्या एका फ्लॅटमध्ये राहते, ऑफिस तिथून जवळ. आई पुरानी बस्तीतच राहिली. बाबा गेल्यावर मी तिला खूपदा म्हटलं, माझ्याकडे ये. तिचं उत्तर ठरलेलं, "तिथं बोलायले कोण आहे?" मी रोज संध्याकाळी फोन करायची. ती कधी पटकन बोलून ठेवून द्यायची, कधी उचलायचीच नाही. मला वाटायचं, एकटी आहे, मन लागत नसेल.

ही गाडी घेतली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं घर रेल्वेचं. पास होता, गोंदियाला आजोळ आणि नागपूरला काका. सगळी माणसं रुळाच्या कडेला. त्यामुळे गाडी घ्यायची म्हटल्यावर सगळ्यांनी बाबांना वेड्यात काढलं. त्यातून बाबांची नजर अधू. जाड भिंगाच्या चष्म्यातूनही त्यांना लांबचं धूसर दिसायचं, लायसन्स मिळणं शक्यच नव्हतं. पण आईला गाडी हवी होती. तिने बाबांना एवढंच सांगितलं, "तुम्ही घ्या. चालवीन मी."

आणि ती शिकली. रेल्वे कॉलनीच्या मागच्या मैदानात, नऊवारीतल्या माझ्या आजीला मागच्या सीटवर बसवून. आजीला कोणी सांगितलं होतं की मागे वजन असलं की गाडी उडत नाही. मैदानात क्रिकेट खेळणारी पोट्टी आईची गाडी आली की स्टंप उचलून बाजूला व्हायची. महिन्याभरात आई दुर्गपर्यंत जाऊन आली. पुढे दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात आम्ही गाडीनेच गोंदियाला जायचो. आई स्टीअरिंगवर, बाबा डावीकडे. बाबांना पाट्या वाचता यायच्या नाहीत. थोड्या थोड्या वेळाने ते विचारायचे, "ड्रायव्हरसाहेब, कोणतं गाव आलं?" आई समोरची नजर न हलवता गावाचं नाव सांगायची.

चमकणाऱ्या चाकांची हौस त्याच काळातली. एकदा आम्ही सदर बाजारात अडकलो होतो. स्कूटर, सायकली, रिक्षा, सगळं एकमेकांत गुंतलेलं. बाजूने एक लाल गाडी हळूहळू पुढे सरकली. तिची चाकं चांदीच्या फुलासारखी होती. आई दागिन्यांच्या दुकानाकडे पाहावं तशी त्या चाकांकडे पाहत राहिली. "किती सुंदर फिरून राहिलं बघा," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "माझी सारी नोकरी रेल्वेत गेली. चाक चमकवून कोणतीच गाडी वेळेवर आली नाही."

पुढच्या आठवड्यात बाबा ऑफिसातून येताना चार प्लॅस्टिकच्या चकत्या घेऊन आले. लोखंडी चाकावर बसवायच्या, रंग चांदीचा. त्यांनी स्वतः अंगणात बसून त्या लावल्या आणि सुटू नयेत म्हणून बारीक तारेने बांधल्या. आई इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने उगाचच आम्हाला स्टेशनपर्यंत फिरवून आणलं. पण राजनांदगावच्या पुढे त्यातली एक उडालीच. खण्ण आवाज झाला आणि ती घरंगळत मागे गेली. आम्ही गाडी थांबवून भर उन्हात शोधायला निघालो. आई पदर खोचून एका कडेने, मी दुसऱ्या कडेने. बाबांना आम्ही म्हटलं, तुम्ही सावलीत बसा, तुम्हाला कुठे दिसणार आहे! ते ऐकेनात. शेवटी ती त्यांनाच सापडली, कारण त्यांचा पाय तिच्यावर पडला. तिचे दोन तुकडे झाले. बाबा ते दोन तुकडे हातात घेऊन असे उभे होते की आई रस्त्याच्या कडेला बसून हसत सुटली. बाकीच्या तीनही पुढे एकेक करून गेल्या, आणि पुन्हा कोणी चाकांचा विषय काढला नाही.

तर त्या रविवारी मी आईला घेऊन रिंग रोडवरच्या एका टायरच्या दुकानात गेले. खरं म्हणजे तीच मला घेऊन गेली, वाकलेल्या चाकाच्या जागी स्टेपनी लावून. दुकानदार तिशीतला, हसतमुख. भिंतीवर अलॉय चाकं ओळीने टांगलेली होती. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मला वाटलं, आता ही इथून लवकर हलत नाही.

त्याने गाडी बघितली आणि विचारलं, "आंटी, गाड़ी में ज़्यादातर कितने लोग बैठते हैं?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. "अकेली रहती हूँ बेटा."

"और चलाते कहाँ हो? शहर में ही?"

"हव, शहर में ही."

तिचं बोट एका मोठ्या चाकावर होतं. आमच्या गाडीला तेरा इंचाची चाकं, हे पंधराचं. दुकानदाराने डोकं खाजवलं. "लग तो जाएगा. चार ही बोल्ट का है, नाप भी वही. पर टायर चौड़ा आएगा, चक्का थोड़ा बाहर निकलेगा. अकेले के लिए दिक्कत नहीं है. लोड में घिस सकता है, देख लेना आंटी."

आईने 'देख लेंगे' म्हटलं. चाकं चढली. गाडीकडे पाहून मलाही नवल वाटलं. जुनीच गाडी, एका दारावर घासल्याची खूण, आणि खाली ही रुंद, झगमगणारी चाकं. आई दोन पावलं मागे जायची, पाहायची, परत पुढे यायची. घरी जाताना स्टीअरिंग जड झालंय हे मला बाजूला बसूनही कळत होतं. पुरानी बस्तीच्या आमच्या गल्लीत वळताना तिला ते पूर्ण फिरवावं लागतं. तिथे खालून खर्र असा आवाज आला.

"आई, काय वाजून राहिलं?"

"नवीन आहे. बसेल जागेवर."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मीही ऐकून घेतलं.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी न सांगता तिच्याकडे गेले. दाराला कुलूप, गाडी नाही. फोन केला तर उचलेना. शेजारच्या ओट्यावर बसून वाट पाहत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. खर्रर्र. मग आमची गाडी दिसली. मागून जमिनीला टेकायला आलेली. गतिरोधकावर चढली, उतरली, पुन्हा खर्रर्र. माझ्यासमोर थांबली आणि तिच्यातून बायका उतरायला लागल्या.

पुढून उतरल्या त्या पलीकडच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या बहनजी, काठी टेकत. मूळ छत्तीसगढी, आयुष्यभर मुलांना ओरडून त्यांचा आवाज खणखणीत झालेला. मागून उतरली बांगड्यांच्या दुकानाची मालकीण, जिला सगळे मौसी म्हणतात. आणि तिच्यामागून, दोघींनी हात दिल्यावर, अमरावतीकडच्या एक काकू, अंगाने चांगल्या भरभक्कम. आई सगळ्यात शेवटी उतरली. मला पाहून लहान मुलीसारखी थबकली.

"तू कधी आली?"

"कुठे गेली होती तू?"

उत्तर काकूंनी दिलं. "अव, आज मंगळवार न! बहनजींच्या गुडघ्याच्या मालिशीचा दिवस. बुधवारी माह्या डोळ्याचं असते. तुही आई नेते न सारीकडे. सिलतऱ्याले बहनजींच्या पोरीकडे बाळ पाहायले गेलो तं तिथंच चाक वाकलं, सांगितलं नाही का इनं?"

नाही सांगितलं.

त्या तिघी आत जाऊन चहाची तयारी करायला लागल्या. भांडी कुठे, साखर कुठे, सगळं त्यांना ठाऊक होतं. मी आणि आई गाडीपाशी राहिलो. मी वाकून मागचं चाक पाहिलं. टायरची बाहेरची कड तासल्यासारखी गुळगुळीत झाली होती आणि वर मडगार्डच्या आतला काळा रंग निघून पत्रा दिसत होता. गाडी भरली की मागचा भाग दबायचा आणि बाहेर निघालेलं टायर पत्र्याला घासायचं.

"आई, दुकानात तू एकटीच असते कायले सांगितलं?"

"तू बाजूलेच उभी होती न."

"म्हणून काय झालं?"

ती चाकावरची धूळ पदराने पुसायला लागली. "तू म्हटलं असतं, ह्या वयात काय टॅक्सी चालवून राहिली का."

मी खरंच तसं म्हटलं असतं. रोज संध्याकाळी मी फोन करून तिची समजूत काढत होते, आणि ती त्या वेळी कोणाला तरी डॉक्टरकडून घरी सोडत होती. म्हणून फोन पटकन ठेवायची. मला हसावं की रागवावं कळेना. थोडं वाईटही वाटलं, ते कशाचं हे आजही नीट सांगता येणार नाही.

"हे चाकं बदलावे लागतील," मी म्हणाले.

"थोडा आवाज येते, येऊ दे न. किती सुंदर दिसून राहिले."

खिडकीतून बहनजी सगळं ऐकत होत्या. "टायर फट जाही त हमन कहाँ जाबो दीदी?" त्यांनी आतूनच विचारलं. टायर फुटलं तर आम्ही कुठे जाणार? आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि चाकावरचा पदर बाजूला घेतला.

त्या आठवड्यात मी जमेल तेवढं वाचलं. गाडीचं पुढचं दार उघडलं की आत एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर कंपनीने दिलेलं टायरचं माप लिहिलेलं असतं. इतकी वर्षं त्या दारातून चढले-उतरले, कधी पाहिला नव्हता. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदीचा, मधला टायर किती उंच आहे ते सांगणारा, आणि शेवटचा आतल्या चाकाचा इंचातला. चाक मोठं घेतलं तर टायर तेवढंच बुटकं घ्यायचं, म्हणजे दोन्ही मिळून उंची जवळपास पहिल्याइतकीच राहते. नाही तर वेगाचा काटा चुकीचं दाखवतो आणि टायर कुठेतरी घासतं. शिवाय चार बोल्टची भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नाही. मधलं मोठं भोक गाडीच्या आसावर नेमकं बसायला हवं, आणि चाक किती आत आणि किती बाहेर राहतं तेही पाहावं लागतं. त्याला ऑफसेट म्हणतात.

हे मी आईला फोनवर समजावलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पोलकं छातीत बसलं, पण खांद्यावरून उतरून राहिलं, असं न?"

"हव, तसंच."

"मंग आधी नाही का सांगायचं. चाल, जाऊ."

दुकानदाराला आम्ही परत आलेलं पाहून आश्चर्य वाटलं नाही. "आंटी, मैंने पूछा था न?"

"हव, पूछा था," आई म्हणाली. "मैंने झूठ बोला था. चार-पाँच लोग बैठते हैं. वज़नदार." तो मोकळेपणाने हसला. थोडी घासाघीस करून चाकं परत घ्यायला तयारही झाला.

या वेळी त्याने चौदा इंचाची चाकं काढली. टायर रुंदीला जुन्याहून अगदी थोडं जास्त. आईने तोंड वाकडं केलं. "हे तं साधं दिसते." खरंच साधं होतं. चमक होती, पण ओरडणारी नव्हती. तिने तीन नमुने खाली उतरवून घेतले, जमिनीवर ठेवून चहूबाजूंनी पाहिले आणि जाड पाकळ्यांचं एक निवडलं. बारीक जाळीचं धुवायला त्रास, ती म्हणाली. दुकानदाराने आधी नुसतं चाक टायरशिवाय चढवलं, फिरवून पाहिलं, मधलं भोक जरा सैल होतं तिथे एक प्लॅस्टिकची कडी बसवली. मग टायर.

"अन् स्टेपनी?" आईने एकदम विचारलं.

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. दुकानदार म्हणाला, जुन्या लोखंडी चाकांपैकी एक चांगलं आहे, त्यावर नवीन टायर घाला, उंचीत फार फरक पडणार नाही, पंक्चर काढेपर्यंत हळू चालवा. आईला ते पटलं. पण निघायच्या आधी ती म्हणाली, "अभी रुको. मैं अपने लोग लेकर आती हूँ."

आणि ती खरोखर गेली. मी दुकानात स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी परत आली, तिघीजणी आत. काकूंनी तर घरून निघताना खाऊन घेतलं होतं, "वजन बराबर आलं पाहिजे न." मला मागे मधे बसवलं. डावीकडे काकू, उजवीकडे मौसी, मला श्वास घ्यायला जागा नाही. दुकानदार उकिडवा बसला आणि टायर व मडगार्डच्या मधून त्याने बोटं फिरवली. "दो उँगली आराम से जा रही है आंटी. अब चला के देखो."

आईने गाडी काढली. तिने सगळे गतिरोधक शोधून शोधून घेतले. मी मागे कान देऊन बसले होते. एरवी या चौघींनी गप्प बसणं अशक्य, पण तेव्हा गाडीत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. वळण आलं, आईने स्टीअरिंग पूर्ण फिरवलं. काही नाही. पुन्हा गतिरोधक, मग एक खड्डा, तोही तिने मुद्दाम घेतला. काही नाही.

"आता बोलू का?" काकूंनी विचारलं.

आणि मग जी बोलणी सुरू झाली, ती तलावाजवळ गुपचुपच्या ठेल्यापाशी गाडी थांबेपर्यंत. पाणीपुरीला रायपुरात गुपचुप म्हणतात, आणि ते खाताना तरी माणसं गप्प होतात. आमच्या या चौघी झाल्या नाहीत. मौसी गुपचुप तोंडात धरूनच मला सांगत होती, "तुम्हारी माँ नहीं होती तो हम तो घर में ही पड़े रहते बेटा." आई तिला म्हणाली, "चुपचाप खा, ठसका लगेगा."

त्या दिवाळीला आईने गोंदियाला जायचं काढलं. मामा आता थकला होता, त्याला भेटायचं होतं. बाबा गेल्यापासून आम्ही त्या रस्त्याने गाडीने गेलोच नव्हतो. मी सोबत गेले. सकाळी हवा भरून घेतली, कागदावर लिहिल्याप्रमाणे, आणि निघालो. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. गाडी सरळ धावत होती, स्टीअरिंग हलकं होतं. आई मजेत होती. पण एका ढाब्यावर चहा प्यायला थांबलो तेव्हा तिने पाय लांब केले, घोटा चोळला, आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"आता तू घे."

"दुखून राहिलं का?"

"थोडंसं." ती मागे जाऊन खिडकीपाशी बसली. पुढे ये म्हटलं तर नको म्हणाली, मागे पाय पसरता येतात.

बाघनदीच्या अलीकडे रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंनी झाडं, आणि झाडांच्या मागे डोंगर. मी ट्रकला वाट देत होते, माझं लक्ष समोर होतं. मागून आईचा आवाज आला.

"इथं डोंगर आहे?"

"आहे न आई. नेहमीच होता."

"मी तं कधी पाह्यलाच नाही."

इतकी वर्षं ती या रस्त्याने येत-जात होती. पण तिला दिसला तो फक्त रस्ता, समोरचा ट्रक, बाजूने घुसणारी मोटरसायकल. मी आरशात पाहिलं. तिने काच खाली केली होती आणि वाऱ्याने तिचे पांढरे केस कपाळावर येत होते. ती ते बाजूलाही करत नव्हती.

"हळू चालव न जरा," ती म्हणाली. "अन् ते पुढं पाणी दिसून राहिलं न, तिथं थांबवजो."

मी गाडी कडेला घेतली.